नक्षी घासण्याआधी नळ्या उलट्या करून पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खंडेनवमीच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत जुन्या जर्मन दुनळी बंदुकीवर सचित्र मजकूर आला आहे. छायाचित्र फारच सुरेख आहे. ओकच्या पानांची वेल, मधे मान वर करून हंबरणारा सांबरासारखा नर, खाली कुत्री, सगळे स्पष्ट दिसते. सोबतच्या चौकटीतले दोन सल्ले मात्र छापायला नको होते. पहिला सल्ला असा, की पूजेआधी नक्षीचा भाग चिंचेने किंवा पितळेच्या पॉलिशने लख्ख करावा. दुसरा असा, की बंदूक ‘जिवंत’ आहे का हे पाहायला परवानाधारकाने साधे बारा बोअरचे काडतूस घालून एक बार काढून बघावा. पहिल्या सल्ल्याने बंदुकीची किंमत जाते आणि दुसऱ्याने बोटे जाऊ शकतात. या बंदुकीबद्दल जे कळायला हवे ते नळ्यांच्या पोटावर ठशांमध्ये लिहिलेले असते, आणि तुमच्या सगळ्या छायाचित्रांत नेमकी तीच बाजू नाही.

ती बाजू पाहायची तर बंदूक तीन भागांत सोडवावी लागते. हे काम परवानाधारकानेच करावे आणि त्या खोलीत एकही काडतूस ठेवू नये. वरची चावी उजवीकडे ढकलून नळ्या खाली पाडा. दोन्ही चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा, डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा, कारण जुन्या काडतुसाचे काळे पडलेले पितळी बूड अंधारात दिसत नाही. बाहेर घोडे असलेली बंदूक असेल तर घोडे आधी अर्ध्यावर चढवा. जुन्या घाटणीत घोडा पूर्ण उतरलेला असला की काडतुसावर आपटणारी पिन पुढे अडकून राहते आणि नळ्या पाडताना मोडते. मग नळ्या बंद करून पुढच्या लाकडाच्या टोकाचे बटण किंवा त्याच्या पोटातला खटका दाबा, लाकूड सुटते. पुन्हा चावी ढकला आणि नळ्या उचला. इथेच थांबायचे. एकही पेच उघडायचा नाही आणि चापाला हात लावायचा नाही. आतल्या घोड्यांच्या बंदुकीत नळ्या काढलेल्या असताना चाप ओढला की घोडे पडतात, ते चढवणारे दांडे जागा सोडतात आणि बंदूक परत जुळत नाही. मग घरातला कोणीतरी हातोडी आणतो.

आता नळ्या उलट्या धरा. मागच्या टोकाशी खालून जो सपाट भाग आहे, तिथे जर्मन सरकारी चाचणीचे ठसे असतात. हा कायदा जर्मनीत १८९१ मध्ये झाला आणि १ एप्रिल १८९३ पासून लागू झाला. ठसे म्हणजे छोट्या मुकुटाखाली एकेक रोमन अक्षर. यू म्हणजे तपासणी झाली. बी म्हणजे जास्त दारूचा बार भरून दाबाची चाचणी झाली. एस म्हणजे नळी आतून गुळगुळीत, छर्ऱ्यांसाठी. डब्ल्यू म्हणजे तोंडाशी चोक आहे, नळी किंचित आवळलेली आहे. काही नळ्यांवर ‘गोळीसाठी नाही’ अशा अर्थाचे जर्मन शब्दही सापडतात, ते चोकमुळेच. जी दिसला तर सावध व्हा, कारण ती नळी आतून आट्यांची, म्हणजे गोळीची आहे. दिसायला शॉटगन असली तरी ती निम्मी रायफल ठरते आणि परवान्यावर नुसते दुनळी म्हणून चालत नाही. आर असेल तर मोठ्या दुरुस्तीनंतर पुन्हा चाचणी झालेली आहे. व्ही हा ठसा क्वचित दिसतो. कायदा लागू झाला तेव्हा दुकानात किंवा कोठारात तयार असलेल्या बंदुकांवर तो मारला गेला. घराण्यात बंदूक ‘पणजोबांच्या पणजोबांची’ म्हणून सांगत असतील तर आधी हा व्ही शोधावा.

सगळ्यांत महत्त्वाचे अक्षर एन. धूर न होणाऱ्या दारूसाठी, म्हणजे नायट्रो दारूसाठी घेतलेल्या चाचणीचा हा ठसा साधारण १९११ नंतर येतो. कधी मुकुटाखाली एन असतो, कधी नायट्रो हा शब्दच कोरलेला असतो. १९४० पासून नव्या कायद्यानुसार मुकुट गेला आणि त्याच्या जागी गरुड आला. यांतले काहीच नसेल तर बंदूक जुन्या, धूर होणाऱ्या काळ्या दारूचीच समजायची. आज दुकानात मिळणारे जवळजवळ प्रत्येक तयार काडतूस नायट्रो दारूचे असते, म्हणजे ते अशा बंदुकीसाठी नाही. १९११ च्या आधीची एखादी बंदूक नायट्रोवर तपासलेली असूही शकते, पण अंदाजावर काडतूस भरत नाहीत.

बऱ्याच नळ्यांवर दोन आकडे शेजारी शेजारी असतात, उदाहरणार्थ १० आणि २७. तो चाचणीचा महिना आणि वर्ष, ऑक्टोबर १९२७. वर्तुळातला आकडा म्हणजे बोअर. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एकेकीचा व्यास साडेअठरा मिलिमीटर भरतो, म्हणून बारा बोअर. सोळा बोअरचा व्यास १६.८ मिलिमीटर, वीसचा १५.६. जर्मन शिकाऱ्यांना सोळा बोअर फार प्रिय, कारण बंदूक हलकी आणि सडपातळ होते, दिवसभर खांद्यावर पट्ट्याने अडकवून रानात फिरता येते. पट्ट्याच्या कड्या आणि दस्त्यावर गालासाठी ठेवलेला उंचवटा ही जर्मन घाटाची खूण त्यातूनच आली. आपल्याकडे दुनळी म्हटली की न पाहता बारा बोअर लिहिण्याची सवय आहे. वर्तुळात १६ असेल तर बाराचे काडतूस त्यात जाणार नाही हे ठीक, पण उलट्या बाजूची चूक जीवघेणी आहे. वीस बोअरचे काडतूस बाराच्या नळीत सरकून चेंबरच्या पुढे अडकते. नळी मोकळी वाटते, माणूस मागून बाराचे काडतूस घालतो आणि बार काढतो. नळी फुटते ती बरोबर डाव्या हाताच्या पुढ्यात. वीसच्या काडतुसाला पिवळा रंग देण्याची पद्धत याच कारणाने पडली.

दोन नळ्यांमधल्या वरच्या पट्टीवर सोन्याने किंवा नक्षीत जे नाव असते त्यावर फार भिस्त ठेवू नये. थुरिंगियातले झूल हे गाव आणि शेजारची झेला-मेहलिस ही जोडवस्ती म्हणजे बंदुका घडवणाऱ्यांची बाजारपेठ. जे. पी. झाउअर १७५१ पासूनचे, हेनेल १८४० चे, सिमसन १८५६ चे, क्रीगहोफ १८८६ चे आणि मेर्केल बंधू १८९८ चे. पण याच गल्ल्यांत एक कारागीर नळ्या करी, दुसरा अ‍ॅक्शन, म्हणजे नळ्या जिथे बसतात तो घोडे-चापाचा पोलादी भाग, तिसरा दस्ता, चौथा नक्षी, आणि तयार बंदुकीवर बर्लिन किंवा हॅम्बुर्गच्या दुकानदाराचे नाव पडे. म्हणून पट्टीवरचे नाव कित्येकदा विकणाऱ्याचे असते. घडवणाऱ्याची आद्याक्षरे नळ्यांच्या पोटाशी बारीक ठशात सापडतात. नाव वय सांगते ते कधीकधी वेगळ्याच तऱ्हेने. सिमसन हा ज्यू कुटुंबाचा कारखाना नाझी राजवटीने १९३० च्या दशकाच्या मध्यात हिसकावून घेतला, त्यामुळे जुन्या बंदुकीवर सिमसनचे नाव असेल तर ती बहुधा त्याआधीची, मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीत हे नाव पुन्हा वापरात आले, म्हणून ठसेही पाहावेत.

डी. आर. पी. किंवा डी. आर. जी. एम. या अक्षरांपुढचा आकडा पेटंटचा किंवा नमुना-नोंदणीचा असतो, बंदुकीचा नव्हे. बंदुकीचा अनुक्रमांक नळ्यांवर, अ‍ॅक्शनवर आणि पुढच्या लाकडातल्या लोखंडावर असा तिन्ही ठिकाणी जुळला पाहिजे. न जुळला तर नळ्या दुसऱ्या बंदुकीच्या आहेत किंवा एक भाग नंतर बदलला आहे. परवान्यावर पेटंटचा किंवा चाचणीच्या तारखेचा आकडा अनुक्रमांक म्हणून चढला असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्यावा. वारसाच्या नावावर करताना हाच घोळ आडवा येतो.

चेंबरच्या लांबीचा मुद्दा आम्ही मुद्दाम लांबवतो, कारण ‘साधे काडतूस’ हा शब्द तिथेच घात करतो. महायुद्धांपूर्वीच्या बहुतेक जर्मन शॉटगनचे चेंबर ६५ मिलिमीटरचे. आजचे सर्वसाधारण काडतूस ७० मिलिमीटरचे. खोक्यावर छापलेली ७० ही लांबी बार झाल्यावर, तोंडाच्या घड्या उलगडल्यानंतरची असते. न उडवलेले, तारेसारख्या घडीचे काडतूस जेमतेम ५८ मिलिमीटर भरते. त्यामुळे ते ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसते, बंदूक नीट बंद होते आणि माणसाला वाटते, जमले. बार होताना घड्या उलगडतात आणि पुढचे पाच मिलिमीटर चेंबरपुढच्या निमुळत्या भागात जाऊन बसतात. छर्रे, त्यांच्या मागचा बुच (वॅड) आणि वायू यांना त्या आवळलेल्या प्लॅस्टिकमधून वाट काढावी लागते आणि दाब चढतो. आजची साधी काडतुसे ७४० बारपर्यंतच्या (बार हे इथे दाबाचे एकक) दाबासाठी बनवलेली असतात. शंभर वर्षांपूर्वीच्या नळीवर हा दाब मुळातच जास्त, त्यात ही अडचण. बंदूक पहिल्या बारात फुटेलच असे नाही. आधी बिजागरी सैल होते, दस्त्याला अ‍ॅक्शनच्या मागे केसासारखी चीर जाते, आणि लोक म्हणतात, लाकूड जुने झाले.

मोजायचे कसे? दर्जेदार गेज असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर अरुंद पोलादी पट्टी चेंबरच्या भिंतीला लावून हळूच आत सरकवा. जुन्या बंदुकांत चेंबर संपून निमुळता भाग सुरू होतो तिथे पायरी चांगली जाणवते आणि पट्टी अडते. मागच्या कडेपासून तिथपर्यंत किती मिलिमीटर ते वाचा. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या मोजा, कारण एकच चेंबर नंतर खोल केलेले असू शकते. ६५ चे ७० करून देतो म्हणणारे भेटतात. रीमर, म्हणजे भोक आतून खरवडून वाढवणारे हत्यार, फिरवला की जिथे दाब सर्वांत जास्त तिथलेच पोलाद कमी होते आणि जुन्या चाचणीचा ठसा निव्वळ शोभेचा उरतो. हे काम आम्ही कोणालाही सुचवणार नाही. खडकीच्या कारखान्याची बारा बोअरची काडतुसे आपल्याकडे सर्वत्र चालतात. विकत घेताना खोक्यावरची लांबी वाचायला पाच सेकंद लागतात. कमी वजनाचे छर्रे म्हणजे कमी दाब हाही एक गैरसमज आहे. २४ ग्रॅमचे वेगवान काडतूस २८ ग्रॅमच्या संथ काडतुसापेक्षा जास्त दाब देऊ शकते. स्टीलचे छर्रे तर अशा नळीत कधीच नकोत, जुने चोक त्यांना सोसत नाहीत.

नळ्यांचा कस दोन-तीन साध्या गोष्टींनी कळतो. सुट्या नळ्या खालच्या हुकात दोरी अडकवून लोंबत्या धरा आणि लाकडी पेन्सिलीने टिचकी मारा. खणखणीत, लांबत जाणारा आवाज आला तर दोन नळ्यांमधल्या पट्ट्यांचे डाख, म्हणजे त्या जोडणारी धातूची झाळ, शाबूत आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी पट्टी सुटली आहे. मग खिडकीकडे तोंड करून आतून बघा. प्रकाशाची वर्तुळे एकात एक नीट दिसायला हवीत. एखादे वर्तुळ एका बाजूला चेपलेले दिसले तर तिथे खड्डा, आणि बाहेरून बोट फिरवल्यावर कंगोरा लागला तर फुगीर. चेंबरच्या पुढे आणि तोंडाशी काळे ठिपके असतील तर ते गंजाचे खळगे. जुन्या काडतुसांच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोप्यांतले क्षार हवेतले पाणी ओढून घेतात आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात चकचकीत नळीचे माळरान होते. खळगे घासून काढायला नळी आतून वाढवली की भिंत पातळ होते. पुढच्या भागात भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर ती बंदूक भिंतीवरच शोभते. हे मोजायला खास गेज लागतो, अनुभवी कारागिराकडे तो असतोच.

अ‍ॅक्शन सैल झाली आहे का हे पाहायचे तर नळ्या परत बसवा, पुढचे लाकूड मात्र लावू नका. छपाईच्या साध्या कागदाची एक पट्टी, साधारण ०.१ मिलिमीटर जाडीची, नळ्यांचे मागचे तोंड आणि अ‍ॅक्शनची उभी भिंत यांच्यामध्ये धरून बंदूक बंद करा. पट्टी घट्ट धरली गेली पाहिजे. ओढल्यावर सहज निसटत असेल तर बिजागरी झिजली आहे. बऱ्याच जर्मन बंदुकांत खालच्या दोन खाचांच्या जोडीला वर आडवी खीळ असते, ग्रीनर पद्धतीची. ती मजबूत दिसते, पण झिजलेल्या बिजागरीला सांभाळून घेत ती वर्षानुवर्षे सैलपणा लपवते. म्हणून नुसते हलवून पाहून समाधान मानू नये.

नळीवर दमास्कसची वेलबुट्टी दिसली तर लोक किंमत दुप्पट धरतात. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून सांधलेली ही नळी दिसायला अप्रतिम. जर्मन बंदुकांतल्या कित्येक दमास्कस नळ्या बेल्जियममध्ये लिएजच्या आसपास घडलेल्या. पण पिळांच्या सांध्यात मळी अडकून राहते आणि गंज आतल्या आत सांध्यांतून चालतो. बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. क्रुपच्या पोलादाच्या नळीवर ‘फ्लुसश्टाल क्रुप एसेन’ असे शब्द किंवा तीन कड्यांचे चिन्ह असते. उडवण्याच्या दृष्टीने ती जास्त भरवशाची. अर्थात ठसे आणि मोजमाप ठीक असतील तरच.

आता नक्षी. तुमच्या छायाचित्रातला भाग भिंग लावून पाहण्याजोगा आहे. दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि एकच ओकचे पान निवडा. हाताने कोरलेली रेघ एका टोकाला बारीक सुरू होते, मधे रुंद होते आणि पुन्हा सुईसारखी संपते. तिचा तळ इंग्रजी व्हीसारखा निमुळता असतो आणि वळणावर छिन्नीच्या प्रत्येक ठोक्याची इवलीशी पायरी दिसते. आम्लाने खाल्लेल्या नक्षीत सगळ्या रेघा एकाच खोलीच्या, तळ सपाट आणि खरबरीत. साच्याने दाबलेल्या नक्षीत डाव्या आणि उजव्या बाजूची पाने हुबेहूब एकसारखी भरतात. झूलच्या चांगल्या कामात तसे कधी होत नाही. एका बाजूला रानडुकराचा पाठलाग, दुसऱ्या बाजूला तित्तिर किंवा फेजंट उडताना, आणि तळाशी बहुतेक वेळा कोल्हा किंवा ससा. सगळ्यांत चांगली कसोटी पेचाच्या डोक्यावर असते. नक्षी पेचाच्या डोक्यावरून सलग जाते आणि पेचाची खाच मूळच्या दिशेला असेल तरच पान पुरे होते. खाच तिरपी उभी असेल किंवा तिच्या कडा खाल्लेल्या असतील तर कोणीतरी बाजारातल्या पाचरीच्या स्क्रूड्रायव्हरने ती उघडली आहे. खाच पूर्ण भरेल अशा समांतर पात्याचा पेचकस घासून घेतल्याशिवाय हे पेच हलवू नयेत. शिवाय ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत, प्रत्येक पेच आपल्या भोकात हाताने जुळवलेला असतो.

झिजलेल्या पृष्ठभागावर एखादीच रेघ ताजी, धारदार आणि गंजाच्या खळग्याला मधोमध कापत जाणारी दिसली, तर ती नंतर पुन्हा कोरलेली आहे. खरेदी करणाऱ्याने इथे थांबून विचार करावा.

नक्षीखालच्या पोलादावर जो राखाडी किंवा निळसर-तपकिरी ढगाळ रंग असतो तो मळ नाही. अ‍ॅक्शन हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात लालभडक तापवून पाण्यात बुडवल्याने पृष्ठभाग कठीण होतो आणि हा रंग उमटतो. रंगाचा थर अतिशय पातळ. चिंच, लिंबू, राख, पितळेचे पॉलिश, एमरी पेपर, यांतले काहीही एकदा फिरले की तो गेला, आणि नुसते चोळून तो परत येत नाही. पुन्हा तापवून आणायचा म्हटले तर अ‍ॅक्शन वाकते आणि नळ्या बसत नाहीत. चोळण्याने नक्षीच्या रेघांच्या कडा गोल होतात, प्राण्यांच्या अंगावरचे केस सर्वांत आधी पुसले जातात. चांदीसारखी चमकणारी जुनी जर्मन दुनळी पाहिली की जाणकार खरेदीदार भाव पाडतो, तो उगाच नाही.

स्वच्छ करायची तर मऊ ब्रश, जुने धुतलेले सुती कापड आणि पातळ मशीन तेल पुरे. नक्षीत तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने मळ उचला आणि कापडाने टिपा, घासू नका. लाल गंजाचा ठिपका असेल तर तेलात भिजू देऊन तांब्याच्या पट्टीच्या कडेने हळू खरवडा. तांबे पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि पोलाद वाचते. खोबरेल किंवा गोडेतेल आत सोडू नका. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते आणि थंडीत घोडा मंद पडतो. गोडेतेल वर्षभरात डिंकासारखे चिकट होते. दस्त्यावर वॉर्निश नको, अळशीच्या तेलाचे चार थेंब तळहाताने जिरवावेत. बंदूक तोंड वर करून उभी ठेवली तर अ‍ॅक्शनमधले तेल झिरपून दस्त्याच्या डोक्याशी मुरते, लाकूड मऊ पडते आणि नेमके तिथेच तडकते. आडवी ठेवा किंवा तोंड खाली करून. चामडी कव्हरात पावसाळाभर ठेवणे म्हणजे गंजाला आमंत्रण, चामडे ओल धरते.

पूजेबद्दल एक सुचवतो. ओले हळदकुंकू थेट नक्षीवर लावू नये. ते रेघांत बसते, ओल धरते आणि दिवाळीपर्यंत तिथे तांबूस कड येते. बंदुकीखाली अंथरलेल्या वस्त्राला किंवा तिच्या पेटीला गंध-कुंकू लावावे. झेंडूची माळ घालायचीच असेल तर दस्त्याच्या लाकडावर, आणि आरती झाल्यावर लगेच उतरवून तेलाचा हात फिरवावा.

नळ्या ‘नव्यासारख्या काळ्या’ करून देण्याचे काम स्वस्तात होते, तेही टाळावे. झटपट काळे करायला नळ्या कॉस्टिक सोडा आणि क्षारांच्या उकळत्या द्रावणात साधारण १४० अंशांवर बुडवतात. दोन नळ्या आणि मधल्या पट्ट्या कथील-शिशाच्या डाखाने जोडलेल्या असतात. ते डाख १८३ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे उष्णतेने जात नाही. कॉस्टिकच ते खातो. शिवाय द्रावण पट्टीखाली शिरते, तिथून धुऊन निघत नाही आणि दोन-तीन पावसाळ्यांत पट्टी सुटते. जुन्या दुनळीला योग्य ती सावकाश गंज चढवण्याची पद्धत. द्रावण लावायचे, बारीक गंज येऊ द्यायचा, स्वच्छ पाण्यात उकळायचे, बारीक तारेच्या ब्रशने झाडायचे, आणि हेच सात-आठ वेळा. त्यात काही दिवस जातात, म्हणून मजुरी जास्त पडते.

कायद्याबद्दल चौकटीत ‘शंभर वर्षांवरील बंदुकीला परवाना लागत नाही’ असे सूचित केले आहे. ते चूक आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधली सूट जुनाट घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला आहे, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशाच अवस्थेत असेल तर. झूलची १९०५ ची दुनळी आजही बार काढू शकते, तिला परवाना लागतो. परवानाधारक वारला तर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि वारसाने अर्ज करावा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे असली तर तो हयात असतानाही वारसाच्या नावे करण्याची सोय आहे. सर्वांनी ती वापरावी, कागद जुळवायला म्हातारा माणूस समोर असलेला बरा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे दोनच बंदुका राहू शकतात आणि वारशालाही हीच मर्यादा आहे. नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो. दसऱ्याला किंवा लग्नात हवेत बार काढण्याला त्याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. ‘एखादा बार काढून बघा’ हे छापताना एवढे तरी लक्षात घ्यायला हवे होते.

परवाना शाखेलाही एक विनंती आपल्या मार्फत करतो. परवान्यावर ‘डीबीबीएल (मागून भरायची दुनळी), १२ बोअर, जर्मन’ एवढेच लिहून भागत नाही. नूतनीकरणाच्या अर्जासोबत नळ्यांच्या खालच्या सपाट भागाचे, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून काढलेले एक स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि बोअरसोबत चेंबरची लांबी नोंदवावी. अनुक्रमांकाचे घोळ, चुकीचा बोअर आणि बदललेल्या नळ्या हे सगळे त्या एका छायाचित्रात उघड होईल. छायाचित्र तिरप्या उजेडात काढावे. समोरून फ्लॅश मारला तर ठसे उमटत नाहीत.

आपले,
जुन्या बंदुकांची तपासणी व दुरुस्ती करणारे काही वाचक, पुणे